बारीक वायरीचा तुकडा

सोमवार, ४ मार्च

वाचा सुधारायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, यांची प्रगती रोज लिहून ठेवत जा. बॅटरी कंपनीकडून आलेली ही डायरी कोरीच पडली होती, ती घेतली. पण प्रगती लिहायची तर आधी ती व्हायला नको का? आजची प्रगती: सकाळी "च्यायला", दुपारी "च्यायला", चहा सांडला तेव्हा "च्यायला". झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि मागे एवढा एकच शब्द उरला. डॉक्टर म्हणाले, शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात. असतील बापडे. माझ्या वाट्याला नेमका तोच कप्पा आला.

तेव्हा मी माझंच लिहिते. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं की जरा टेकायला मिळतं. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत डुलक्या घेतात.

आज भाऊजी आले होते. गाळा दोघा भावांच्या नावावर, त्यामुळे त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. माणूस वाईट नाही. येताना यांच्यासाठी संत्री आणतात, सोलून फोडी हातात देतात. पण आज मनातलं बोललेच. "वहिनी, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान नुसत्या बल्ब आणि हॉर्नवर चालत नाही. तुम्ही दमलात, ते दिसतंय. शेजारचा टायरवाला गाळा भाड्यानं मागतोय. दादाला त्या नदीपलीकडच्या शुश्रूषा केंद्रात ठेवू. चांगली माणसं आहेत तिथली."

मी म्हणाले, मला जमेल. इतकी वर्षं काउंटरवर बसून बघतेच आहे ना.

"मग एक मोठं काम एकटीनं करून दाखवा. तक्रार येता कामा नये. पुन्हा गाळ्याचा विषय काढणार नाही, शब्द देतो."

बोलणं चाललं होतं यांच्यासमोरच. हे संत्र्याच्या बिया एकेक करून खुर्चीच्या हातावर मांडत होते. बरं आहे, यांना काही कळत नाही.

मंगळवार, ५ मार्च

मोठं काम आलं! आणि आलं तेही चालत. म्हणजे गाडी ढकलत.

मागच्या गल्लीत केक करणारी बाई राहते. जुनी लांबलचक गाडी आहे तिची, मागच्या भागात छोटा फ्रिज बसवलाय, त्यात केक ठेवून घरोघर पोचवते. मागच्या सीटवर तिची जुळी, तीनेक वर्षांची असतील, पट्ट्यांत जखडलेली आणि हातात बिस्किटं. फ्रिज बॅटरी खाऊन टाकतो आणि गाडी रस्त्यात बसते. कुणीतरी तिला सांगितलं की मोठा अल्टरनेटर बसव, म्हणजे गाडी चालताना बॅटरी भराभर भरेल. बाईनं अल्टरनेटर विकतही आणलाय. "बसवून द्याल ना काकू?"

मी छातीठोकपणे हो म्हणाले. ती गेल्यावर बॉनेट उघडलं आणि कुठून सुरू करायचं ते शोधत बसले.

हे खुर्चीतून उठले आणि काठी टेकत गाडीपाशी आले. नव्या अल्टरनेटरवरून डावा हात फिरवला. पूर्वी नवीन सामान आलं की असाच फिरवायचे. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी यांना खुर्चीत नेऊन बसवलं.

गुरुवार, ७ मार्च

वाइंडिंगवाल्या काकांना फोन केला. अल्टरनेटरची तार गुंडाळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, आणि यांचे जुने दोस्त. म्हणाले, "पट्टा, ब्रॅकेट सगळं बसेल, घाबरू नकोस. पण एक लक्षात ठेव. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाणारी चार्जिंगची वायर जुन्या मापाची आहे. नवा दुपटीपेक्षा जास्त करंट देणार, ती तापेल. जाड घाल, चांगली बोटाएवढी. बाकीचं तर तुला माहीतच असेल."

"हो हो, ते माहीत आहे," मी म्हणाले.

बाकीचं म्हणजे काय, ते विचारायला हवं होतं का? पण इतकी वर्षं दुकानात बसून हेही माहीत नाही असं वाटलं असतं त्यांना. बाकीचं म्हणजे वायर नीट गुंडाळायची, कुठे घासू द्यायची नाही, हेच असणार. दुसरं काय असतं?

शुक्रवार, ८ मार्च

जुना अल्टरनेटर निघाला. माझी बोटं सोलवटली, पण निघाला. जुनी वायरही काढली. आणि काय सांगू, बॅटरीपाशी बघते तर वायरीला वीतभर जोड! तोही बाकीच्या वायरीपेक्षा बारीक, रंगसुद्धा वेगळा. कुणा भामट्यानं वायर कमी पडली म्हणून हाताला येईल तो तुकडा जोडून दिलाय. मला इतका आनंद झाला. म्हणजे मलाही दुसऱ्याची चूक दिसते तर! तो तुकडा कापून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

आणि यांचं सुरू झालं. काठी टेकत उठले, डब्यात हात घातला, तो तुकडा काढला. "च्यायला!" माझ्यासमोर नाचवला. मग बॅटरीवर नेऊन ठेवला, आणि बॅटरीवर बोट आपटायला लागले. टक टक टक.

पूर्वी चहाचा ग्लास बॅटरीवरच ठेवायचे. मी म्हटलं, चहा हवाय. चहा केला. घेतला नाही. मग वाटलं बाथरूमला जायचं असेल. सगळं हातातलं सोडून, काळे हात धुऊन नेलं, तर तिथे नुसते उभे राहिले माझ्याकडे बघत. परत आलो की पुन्हा बॅटरी, पुन्हा टक टक.

वाचेच्या बाई म्हणतात, प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या. थांबून राहा. त्यांचं काय जातं? त्या आठवड्यातून एकदा येतात. मान हलवली तरी ती होची की नाहीची, हे यांचं यांनाच कळत नाही. मी विचारणं केव्हाच सोडून दिलंय. झोपेची गोळी दिली, झोपले. तुकडा मुठीत तसाच.

सोमवार, ११ मार्च

जाड वायर घातली. बाई गं, काय ती वायर! वाकता वाकत नाही. दोन्ही टोकांना जोडायच्या तांब्याच्या कड्या, लग, दाबल्या, एक टोक अल्टरनेटरला, दुसरं थेट बॅटरीला. मध्ये कुठेही जोड नाही. सबंध वायरीवर काळी नळी चढवली, वर टेप गुंडाळला, अल्टरनेटर धरणाऱ्या नव्या लोखंडी ब्रॅकेटजवळून जाते तिथे टेपचे आणखी वेढे दिले. लेकराला दुपट्यात गुंडाळावं तशी गुंडाळली. एवढी जाड वायर, ती काय तापणार आणि काय जळणार!

मीटर आणायला आत गेले आणि परत येऊन बघते तर यांनी बॅटरीवरचं टोक काढून ठेवलेलं! पाना बाजूला ठेवलेला, आणि डाव्या हातानं तो मळका तुकडा बॅटरी आणि माझ्या वायरीच्या मधे धरून उभे. मी पुन्हा वायर बसवली. यांनी पुन्हा पाना लावला. मी पुन्हा बसवली.

तिसऱ्यांदा पाना पुढे आला तेव्हा मी यांच्या हातावर चापट मारली. चांगली जोरात. टायरवाला बघत होता.

यांच्या तोंडून नेहमीचा तो शब्दही नाही. खुर्चीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी पुढचं काम केलं, कारण काम करायचंच होतं. पण दोनदा पाना सटकला. यांच्यावर हात आयुष्यात कधी उगारला नव्हता मी.

उद्या यांना शेजारच्या मावशींकडे ठेवते. यांच्यापायी काम होत नाही.

मंगळवार, १२ मार्च

गाडी दिली. एका झटक्यात सुरू झाली. मीटरचा काटा कसा जिथे हवा तिथे. फ्रिज चालू, हेडलाइट चालू, पंखा चालू, तरी गाडी डगमगली नाही. केकवालीनं मला मिठीच मारली, माझ्या काळ्या हातांसकट. एक छोटा केक देऊन गेली.

भाऊजींना फोन केला. म्हणाले, "मानलं वहिनी. पंधरा दिवस तक्रार नाही आली की विषय संपला."

केक घरी नेला. यांनी तोंड फिरवलं. मीच खाल्ला उभ्या उभ्या. गोड लागला नाही, काय माहीत का. मावशी म्हणाल्या, "दिवसभर नुसते दाराशी बसून होते. हातात वायर आहे एक, ती सोडत नाहीत." असतात लहान मुलांच्या अशा सवयी. सुटेल.

शुक्रवार, १५ मार्च

मावशींना त्यांच्या मुलीकडे जायचं होतं, म्हणून यांना दुकानात आणलं. तेवढंच झालं, आणि तेवढ्यात सगळं झालं.

मी एका माणसाचा हॉर्न बसवत होते. वळून बघते तर खुर्ची रिकामी. बाथरूम बघितलं, टायरवाल्याकडे बघितलं. रस्त्यावर येऊन दोन्ही बाजूंना बघितलं. तेवढ्यात फोन. केकवाली. रडत होती की ओरडत होती ते कळेना. "काकू, ताबडतोब या! तुमच्या मिस्टरांनी माझी गाडी तोडली!"

धावत गेले. मागची गल्ली म्हणजे किती लांब? पण चप्पल तुटली, अनवाणीच पळाले. गाडी तिच्या दारात, बॉनेट उघडं, भोवती माणसं. एकानं यांची कॉलर धरलेली. जुळी मागच्या सीटवर पट्ट्यांत बांधलेली, दोघंही भोकाड पसरून रडत होती. त्यांची आई केक आणायला वर गेली, गाडीचं दार उघडंच होतं. खाली येऊन बघते तर हे पक्कड घेऊन बॅटरीशी झटापट करतायत. टर्मिनलची पकड पिरगाळून पार मोडून टाकलेली.

"च्यायला! च्यायला! च्यायला!" हे घसा फोडून ओरडत होते.

लाजेनं मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांना हात जोडले. यांना खसकन ओढून पायरीवर बसवलं आणि सगळ्यांसमोर बोलले, "किती छळाल? आणखी किती छळाल मला?" केकवाली मुलांना सोडवून आत घेऊन गेली. तिला वेळेत पोचायचं होतं. म्हटलं, निदान गाडी तरी सुरू करून देऊ. मोडकी पकड कशीबशी सरळ केली, वायर जरा ओढून घेतली आणि बॅटरीवर टेकवली.

फाडकन आवाज झाला. नेहमी उडते ती बारीकशी ठिणगी नव्हे, निळा जाळ. खाली ब्रॅकेटजवळ माझ्या काळ्या नळीतून धूर यायला लागला. मी पकड उचलून फेकलीच. बोटं भाजली.

वाकून बघितलं. ब्रॅकेटच्या कडेनं नळी कापली गेली होती. टेपचे माझे सगळे वेढे कापून आत लख्ख तांबं दिसत होतं. इंजिन हादरतं, वायर ताठ, घासून घासून चार दिवसांत एवढं. केकवाली ती गाडी घेऊन निघाली असती तर पहिल्या खड्ड्यात तांबं लोखंडाला टेकलं असतं. दोन्ही मुलं मागे बांधलेली.

कुणीच बघितलं नाही. माणसं पांगली होती, केकवाली आत होती. बघितलं फक्त मी. आणि यांनी, पायरीवरून.

केकवाली बाहेर आल्यावर मी म्हणाले, "टर्मिनल तुटलंय. गाडी दुकानात न्यावी लागेल." हे खरंच होतं. टर्मिनल तुटलंच होतं.

ती टॅक्सी करून गेली.

शनिवार, १६ मार्च

वाइंडिंगवाले काका सकाळीच आले. बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि पहिलाच प्रश्न, "फ्यूज कुठाय?"

"फ्यूज डबीत आहेत की. सगळे तपासले."

"ते नव्हेत गं. या वायरीचा. बॅटरीपाशी."

काकांनी वायरीचं टोक हातात घेतलं. मग म्हणाले, "जुन्या वायरीला बॅटरीजवळ वीतभर बारीक तुकडा नव्हता का? वेगळ्या रंगाचा?"

मी कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं. "तो जोड होता ना? मी काढून टाकला."

काका स्टुलावर बसले. "जोड नव्हता बाई. मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. वायर कुठे घासली, बॉडीला लागली, तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या वायरीत ओतते. तेव्हा तो तुकडा आधी वितळतो आणि सगळं तिथेच तुटतं. जुन्या गाड्यांत तोच फ्यूज. मोठा अल्टरनेटर घातला की वायर जाड आणि फ्यूजही त्या मापाचा, बॅटरीला चिकटून."

"मला वाटलं, एवढी जाड वायर जळत नाही."

"जाड वायर नाहीच जळत लवकर. ती गाडी जाळते."

हे खुर्चीतून उठले. आले. मूठ उघडली. आठ दिवस धरून धरून तो तुकडा घामानं काळा झाला होता. बॅटरीवर ठेवला. बोट आपटलं. टक टक टक.

काकांनी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मग दुसरीकडेच बघायला लागले. मी आत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. चहा हवाय म्हणे. बाथरूमला जायचंय म्हणे. गोळी दिली मी यांना. हातावर मारलं.

बाहेर आले तेव्हा काका नवीन फ्यूज होल्डर बसवत होते आणि हे डाव्या हातानं वायर धरून होते. वायर ब्रॅकेटपासून लांबून नेली, जागोजागी पट्टीनं बांधली. जाताना काका हळूच म्हणाले, "कुणाला सांगायची गरज नाही. होतं असं. मी नाही बोलणार."

रविवार, १७ मार्च

भाऊजींचा फोन. केकवालीनं टायरवाल्याला सांगितलं, टायरवाल्यानं त्यांना. "वहिनी, तुमचं काम तर चोख झालं होतं. ते मी मानतो, पंधरा दिवस थांबायला नको, गाळ्याचा विषय संपला. पण दादानं हे काय केलं? उद्या कुणाच्या अंगावर हात टाकेल. आता ऐका माझं. मंगळवारी केंद्रात जाऊन बोलून येऊ."

मी "हं" म्हणाले.

खरं लिहिते, इथे कोण वाचणार आहे. माझ्या मनात आलं, होऊ दे. खरं सांगितलं तर माझं काम फसलं, गाळा गेला. नाही सांगितलं तर दुकान माझं, आणि हे तिकडे. तिथे बायका आहेत, वेळेवर गोळ्या देतात, आंघोळ घालतात. मी अंथरुणाला पाठ टेकीन आणि कुणी हाक मारणार नाही. किती महिने झाले मी सलग झोपले नाही. हाडं दुखतात माझी. आणि हे कुणाला काही सांगू शकत नाहीत.

हे शेवटचं वाक्य मी लिहिलं का? लिहिलं. असू दे.

सोमवार, १८ मार्च

गाडी पोचवली. काकांनी बसवलेला फ्यूज दाखवला. केकवाली म्हणाली, "आधी नव्हता का हा?" मी म्हणाले, "आता घातलाय."

ती म्हणाली, "तुमच्या मिस्टरांची तब्येत मी समजू शकते, काकू. राग नाही माझा. पण मुलं अजून घाबरतात. रस्त्यात काठीवाला माणूस दिसला की रडतात." बोलता बोलता ती मुलांचे पट्टे लावत होती. एकानं पाय झाडले, दुसरीनं बूट काढून फेकला. मी बूट उचलून दिला. तोंड उघडलं होतं मी. पण ती म्हणाली, "चला, उशीर होतोय," आणि गेली.

नाही सांगितलं.

घरी आल्यावर यांना जेवू घातलं. घास भरवताना नेहमी मी इकडंतिकडंचं बोलत असते. आज नुसते घास भरवत गेले. यांनी माझ्या भाजलेल्या बोटांकडे बघितलं, आणि डाव्या हातानं माझा हात उलटा करून पुन्हा बघितलं. मग स्वतःच चमचा घेतला आणि सगळं सांडत जेवले.

मंगळवार, १९ मार्च

केंद्र चांगलं आहे. लिहायला हवं म्हणून लिहिते. स्वच्छ फरशी, मोठ्या खिडक्या, फिनेलचा वास. तिथल्या मुख्य बाई हसऱ्या. यांच्यासमोर वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "काय आजोबा? राहणार ना आमच्याकडे? मज्जा करायची!" हे अजून साठीलाही टेकलेले नाहीत.

मग सरळ उभ्या राहून त्यांनी भाऊजींना विचारलं, "यांना कितपत समजतं?"

भाऊजी म्हणाले, "काही नाही हो. म्हणून तर..."

"माझ्यापेक्षा जास्त समजतं," मी म्हणाले.

मला बोलायचं नव्हतं. म्हणजे, बोलायचं ठरवून गेले नव्हते. पण एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. सगळं सांगितलं. तुकडा, डबा, चहा, चापट. जाळ कसा उडाला. पट्ट्यांत बांधलेली पोरं. यांनी गाडी तोडली नाही, वाचवली, आणि मी यांना चारचौघांत खसकन ओढून बसवलं आणि चार दिवस गप्प राहिले. मुख्य बाईंना त्यातलं काय कळलं देव जाणे, वायरी आणि बॅटऱ्या. पण त्यांनी यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि मग यांच्याशी हळू आवाजात बोलल्या.

भाऊजींनी गाडी काढली. मी मागच्या सीटवरून केकवालीला फोन लावला आणि तिलाही तेच सांगितलं. पलीकडून मुलांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "ठेवते मी आत्ता." ती पुन्हा येईल असं वाटत नाही. तिच्या जागी मी असते तर आले नसते.

पूल उतरल्यावर भाऊजी म्हणाले, "म्हणजे काम फसलंच की, वहिनी."

"फसलं."

"मग गाळ्याचं काय?"

"दुकान यांचं आहे. यांना विचारा."

"दादाला? त्याला काय विचारू?"

"गाडी बाजूला घ्या. मी विचारते."

त्यांनी गाडी कडेला घेतली. हे पुढच्या सीटवर. मी मागून पुढे वाकले आणि विचारलं, "अहो, दुकान ठेवायचं का आपण?"

आणि थांबले. वाचेच्या बाई सांगतात तशी. किती कठीण आहे ते! जीभ सारखी पुढे धावते, मीच उत्तर देऊन मोकळी व्हायला बघते. मागून कुणीतरी हॉर्न दिला. भाऊजी चुळबुळले, "वहिनी, त्याला नाही हो..." मी म्हणाले, "थांबा." हे समोर बघत होते. डोळे मिटले, उघडले. मला वाटलं, दमलेत. मला वाटलं, बाथरूमला जायचं असेल. मला वाटत राहिलं आणि मी थांबून राहिले.

यांनी डावा हात मागे केला आणि माझं भाजलेलं बोट धरलं. ते ओढून पुढे नेलं आणि भाऊजींच्या गाडीच्या मीटरच्या काचेवर टेकवलं, स्टिअरिंगच्या मागे, जिथे बॅटरीचा लाल दिवा असतो. दिवा मंद पेटला होता. इंजिन चालू असताना तो विझलेला असायला हवा.

"महिना झाला, पेटतोय तसाच," भाऊजी म्हणाले. "काय म्हणतोय दादा?"

हे माझ्याकडे बघत होते. बोट तसंच टेकवून धरलेलं. आणि माझ्या लक्षात आलं की आता हे उत्तराची वाट बघतायत.

"पट्टा ढिला झालाय," मी म्हणाले.

"च्यायला," हे म्हणाले.

मी विचार केला. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा ढिला असता तर चिरकला असता. आवाज तर येत नाहीये. अल्टरनेटर करंट देतोय, पण पुरता देत नाहीये. म्हणून दिवा धड विझतही नाही, धड पेटतही नाही. मागून पुन्हा हॉर्न वाजला.

"अल्टरनेटरच्या आतले ब्रश झिजलेत," मी म्हणाले.

तेव्हा कुठे यांनी माझं बोट सोडलं आणि मागे टेकून बसले. भाऊजींनी एकदा यांच्याकडे बघितलं, एकदा दिव्याकडे, आणि घराकडे जायच्याऐवजी गाडी दुकानाच्या रस्त्याला वळवली.